पिवळ्या काचेतून दिसलेलं भात

जोयड्याहून परत आल्यापासून आमच्या स्टाफरूममध्ये मला दोनच प्रश्न विचारले जातात. जळवा लागल्या का, आणि फोटो इतके हिरवेगार कसे आले. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, लागल्या. दुसऱ्याचं उत्तर द्यायला बसले की मधली सुट्टी संपते, म्हणून ते इथं लिहून टाकते.

मी बेळगावच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. पन्नाशी जवळ आली की लोक गुडघ्यांना तेल चोळायला लागतात, मी कॅमेरा घेतला. कॅमेऱ्यामागून फिल्टर आले. फिल्टर म्हणजे भिंगाच्या तोंडावर फिरवून बसवायची गोल काच. माझ्या पिशवीत अशा चार काचा आहेत. एक साधी, पारदर्शक, जी निव्वळ धूळ आणि ओरखडे अंगावर घेते. दुसरी पोलरायझर, पानांवरची आणि पाण्यावरची चकाकी काढून टाकणारी. तिसरी काळसर, तिला एनडी म्हणतात, ती उजेड कमी करते. आणि चौथी पिवळसर तपकिरी, उन्हाला ऊब आणणारी, जी दुकानदारानं या तिघींवर फुकट दिली, भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते तशी. घरी आल्यावर वाचलं तर कळलं, डिजिटल कॅमेऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही. तरी फुकट मिळालेली वस्तू टाकवत नाही, म्हणून पिशवीत राहिली.

दसऱ्याच्या सुट्टीत जोयडा तालुक्यातल्या बाजारकुणंगला जायचं ठरलं ते काही या काचांसाठी नव्हे. तिथं माझी इंदूमावशी राहते. आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर मला सुमी म्हणून हाक मारणारं तेवढं एकच माणूस उरलंय. तिचे दीर नागूकाका यांचे फोनवर फोन येत होते.

"सुमा, वैनीच्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय. दोन्ही डोळ्यांत. आमी सांगून दमलो, आपरेशन म्हटलं की उठून जाती. तुझं ऐकंल बघ. एवढ्या सुट्टीत ये आनि तिला बेळगावला घेऊन जा."

मी येते म्हटलं. कॅमेरा घेतला, काचा घेतल्या, डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आणि निघाले.

रामनगर

खानापूर, लोंढा करत बस रामनगरात येते आणि तिथं माणसं खाली उतरून पाय मोकळे करतात. इथले निम्मे दुकानदार खानापूर-बेळगावकडून आलेले. स्टँडसमोरच्या हॉटेलात मी उप्पीट मागवलं. गल्ल्यावरचा माणूस माझ्याशी मराठीत, कंडक्टरशी कन्नडात आणि दूधवाल्याशी कोकणीत बोलत होता, आणि तिघांचे सुटे पैसे बिनचूक परत करत होता. आमच्या बेळगावात एका पाटीच्या भाषेवरून दोन दिवस दुकानं बंद राहतात. इथं कुणाला ते सांगितलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं.

"कुठं जानार बाई? बाजारकुणंगला? मग चा आनि एक घ्या. पुढची गाडी येती तवा येती."

गाडी आली तेव्हा दुसरा चहासुद्धा संपून बराच वेळ झाला होता. पुढचा रस्ता दोन्ही बाजूंनी झाडीत बुडालेला. खिडकीतून फांद्या आत येतात आणि हात आत घ्या असं कुणी सांगावं लागत नाही.

बाजारकुणंग

मावशीचं घर वाडीच्या टोकाला आहे. मागं जंगल, पुढं भातशेत. शेजारच्याच घरात नागूकाका आणि लक्ष्मीकाकी. दोन घरांच्या मध्ये भिंत नाही, एक वाट आहे, आणि त्या वाटेनं दिवसभर वाट्या-ताटल्या जात-येत असतात.

मी अंगणात पाऊल टाकलं आणि मावशी ओसरीवरून म्हणाली, "कोन गे? सुमी काय?"

"पायांच्या आवाजावरून ओळखलंस?"

"डोळ्यांनी ओळखलं. मला दिसतंय."

एवढं बोलून तिनं नागूकाकांच्या घराकडं मान फिरवली. म्हणजे मी कशाला आलेय हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आढ्याला केळीच्या सोपटानं बांधलेली हातभर लांबीची तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, रांगेत लटकत होती. अशी टांगली की दिवाळीनंतरही खाता येतात. आमच्याकडं फ्रीजमध्ये ठेवलेली काकडी चौथ्या दिवशी मऊ पडते. त्यातलंच एक उतरवून मावशीनं गूळ घालून तवसोळी केली होती. चुलीवर वर-खाली निखारे ठेवून भाजलेली, कडेला खरपूस. उकड्या तांदळाची पेज, वाटीभर सोलकढी आणि वर ती तवसोळी. मी इतकी जेवले की डॉक्टरांचा विषय काढायला तोंड मोकळं राहिलं नाही.

जेवताना नागूकाका उंबऱ्यावर येऊन बसले. साठीचा, काटक माणूस, खांद्यावर टॉवेल.

"काय वैनी, खालच्या शेताचं काय म्हनतीस?"

मावशी ताट बाजूला सारून म्हणाली, "पिवळं झालंय. परवा इळा लावा."

"व्हय व्हय. लावूया," काका म्हणाले.

हे जरा समजावून सांगायला हवं. या वाडीत इळा, म्हणजे विळा, लावून भात कापायचं कधी, ते मावशी सांगते. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची नजर या कामात इतकी धरली गेली की सासऱ्यांनीच तो मान तिला दिला. बाकीचे लोक दाणा दातांखाली चावून बघतात. मावशी बांधावर उभी राहून नुसतं बघते आणि सांगते. तिनं सांगितलं की ठरल्या दिवशी पहिली मूठ तिनंच कापायची, त्या लोंब्या आंब्याच्या पानांत गुंफून घराच्या दाराला बांधायच्या, आणि मगच बाकीच्यांनी शेतात उतरायचं. नवरा गेला, मूलबाळ नाही, पण या एका मानानं ती वाडीत कधी पोरकी झाली नाही. आता तिला दातही उरलेले नाहीत, त्यामुळं चावून बघायचा प्रश्नच मिटलाय.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

सकाळी मी कॅमेरा घेऊन खालच्या शेतात गेले. ऊन नुकतंच झाडांवरून उतरत होतं. भाताच्या पात्यांवर दव आणि त्यावर उजेड. अशा वेळी पोलरायझर लावावा, सूर्य आपल्या खांद्याच्या बाजूला ठेवावा आणि काच हळूहळू फिरवावी. एका ठिकाणी पात्यांवरची पांढरी चकाकी पुसली जाते आणि खालचा हिरवा रंग वर येतो. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी एकटीच टाळ्या पिटल्या होत्या.

पण मी वेंधळी. घाईत पिशवीतून पोलरायझरऐवजी ती फुकटची पिवळी काच काढली आणि साध्या काचेवर गच्च फिरवून बसवली. चूक कळल्यावर काढायला गेले तर निघेना. फिल्टरवर फिल्टर चढवला की असे अडकून बसतात, नवीन घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दाबून धरलं की जास्तच घट्ट होतात. अर्धा तास झटापट केली आणि शेवटी तशीच फोटो काढत बसले. गंमत म्हणजे फोटोत तिचा पिवळेपणा फारसा दिसेना. डिजिटल कॅमेरा स्वतःच हिशेब करतो, पिवळं जास्त आलं की तेवढं कमी करून टाकतो. मध्ये काच आहे हे त्याला कळतच नाही.

लक्ष्मीकाकी न्याहारीला बोलवायला आली. माझी फजिती बघून तिनं केसांचं रबर काढलं, काचेच्या कडेला गुंडाळलं आणि हलक्या हातानं फिरवलं. दोन्ही काचा एकमेकींपासून सुटल्या. ती हसत हसत पुढं गेली.

पिवळी काच माझ्या हातात होती. सहज डोळ्यासमोर धरली.

समोरचं शेत पिकलेलं दिसलं. बांधापासून जंगलापर्यंत सोनेरी पिवळं, इळा लावायला तयार. काच खाली केली. शेत हिरवं होतं. लोंब्या नुकत्या वाकायला लागल्या होत्या आणि खालचे दाणे अजून पोपटी होते.

मी वर्गात मुलांना मोतीबिंदू शिकवते. डोळ्यातलं भिंग वयानुसार पिवळट, मग तपकिरी होत जातं, हे फळ्यावर आकृती काढून सांगते. पण माझ्या मावशीला गेली कित्येक वर्षं सगळं जग या काचेतून दिसतंय, आणि हळूहळू होत गेल्यामुळं मध्ये काच आहे हे तिला कळलेलंच नाही, हे माझ्या डोक्यात त्या बांधावर शिरलं.

नागूकाका शेताच्या मध्यावरच्या माळ्यावरून उतरत होते. माळा म्हणजे चार खांबांवर बांधलेली राखणीची मचाण, वर गवताचं छप्पर. भात भरायला लागलं की रानडुकरं आणि गवे येतात, म्हणून रात्री तिथं निजावं लागतं. काका डोळे चोळत आले.

मी विचारलं, "काका, हे भात पिवळं झालंय?"

काकांनी आधी घराकडं बघितलं. मग म्हणाले, "आजून धा दिस तरी पायजेत."

"मग काल व्हय व्हय का म्हणालात?"

ते बांधावर बसले. टॉवेलानं तोंड पुसलं. "तीन वरसांमागं ती म्हनली कापा, आमी कापलं. निम्मं भात कोवळं. गिरणीत तांदळाचा चुरा झाला. तिला काय सांगनार? पावसानं खराब झालं म्हटलं. तवापासनं ती कापा म्हनली की आमी धा दिस धरतो. कवा इळ्यांना धार न्हाई म्हनायचं, कवा मानसं मिळत न्हाईत म्हनायचं. वाडीत सगळ्यांस्नी ठावं हाय. तिला तेवढं न्हाई."

"आणि ते जास्तीचे दिवस राखण कोण करतं?"

"मीच की. त्यात काय?" मग एकदम माझा हात धरून म्हणाले, "सुमा, डोळ्यांचं बघ, पन ह्यातलं तिला सांगू नको. तिला कळलं तर ती परत बांधावर उभी राहायची न्हाई."

मी शब्द दिला. आणि देऊन बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की आता मावशीला पटवायचं कसं, हा प्रश्न जास्तच अवघड झाला. काच दाखवून उपयोग नव्हता. फोटो दाखवूनही नव्हता, कारण ती जे बघणार ते तिच्या डोळ्यातल्या काचेतूनच बघणार. माझ्या पिशवीतली प्रत्येक काच काहीतरी काढून घेणारी होती. गेलेला रंग परत आणणारी त्यात एकही नव्हती.

दुपारी विषय काढून बघितला. मावशीनं हुलग्याचं कढण माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "मला जेवडं दिसतंय तेवडं बास हाय. हुबळीला एकीचा डोळा गेला. सुम्म बस आनि जेव."

दिग्गी

दिग्गी हे मावशीचं आणि माझ्या आईचं माहेर. आणखी आत, जंगलात. मावशीला तिकडं जाऊन बरेच दिवस झाले होते आणि मला तिथल्या ओढ्याचे फोटो हवे होते. वाडीतली एक जीप निघाली होती, तिच्यात आम्ही दोघी बसलो.

आधी ओढ्याचं सांगते, कारण फोटोंबद्दल तेच विचारलं जातं. वाहतं पाणी दुधासारखं मऊ दिसायला कॅमेऱ्याचं दार सेकंद-दोन सेकंद उघडं ठेवावं लागतं. भर दिवसा तसं केलं तर फोटो पांढराफटक पडतो. म्हणून ती काळसर एनडी. तिपाई दगडावर घट्ट रोवायची आणि श्वास धरून बटण दाबायचं. मी श्वास धरून उभी असताना दोन जळवा माझ्या पोटरीवर चढल्या. सेकंद पुरा झाल्याशिवाय हलायचं नाही हा माझा हट्ट, त्यामुळं त्यांचंही जेवण पुरं झालं. मावशीनं कमरेची चंची उघडली, तंबाखू ओला करून चोळला आणि जळवा गळून पडल्या.

"एवडं रगत देऊन फोटू काडतात काय गे?"

"तुझ्या दिग्गीचा फोटो आहे, मावशी."

ती खूश झाली. मग माहेरच्या घरी गेलो. घर आता सिमेंटचं, वर पत्रा. मामीनं पाण्याचं तांब्या-भांडं पुढं केलं. मावशी मात्र आत न जाता कुंपणाकडं वळली.

"हितं आमच्या आवशीनं निळी गोकर्ण लावलेली," ती म्हणाली. "तुझी आई आनि मी फुलं चोळून नखं निळी करायचो. बघ, मेली ती. आता कसली काळी येल आलीया."

कुंपणभर गोकर्ण फुलली होती. इतकी निळी की मी पोलरायझरला हात लावला नाही. मावशी त्या निळाईपुढं उभी राहून गेलेल्या वेलीसाठी हळहळत होती. आई असती तर तिनं काय केलं असतं कोण जाणे. मला रडूच आलं.

"मावशी," मी म्हटलं, "ही तीच गोकर्ण आहे. निळी आहे."

"चेष्टा नको करू."

"आईची शपथ."

मावशी माझ्याकडं बघत राहिली. मग मामीला हाक मारली. "वैनी, हितली फुलं कसल्या रंगाची?"

मामीला मागचंपुढचं काही ठाऊक नव्हतं. ती भांडं घासता घासता म्हणाली, "निळी न्हवं काय. तुमच्या आवशीनं लावल्यालीच. दुसरी कुठनं येतीया?"

मावशीनं एक फूल तोडलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, उन्हात धरलं. मग बोटांत चोळलं आणि बोट जिभेला लावलं, जणू जुनी ओळख तिथं तरी पटेल. परतीच्या जीपमध्ये माझ्या मांडीवर हात ठेवून तिनं विचारलं, "बेळगावला किती दिस राहायला लागतंय?"

मी सांगितलं.

"आनि मग निळं दिसतंय?"

"दिसतंय."

"जाऊया तर," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत तिनं हात काढला नाही.

निघायच्या दिवशी तिनं नागूकाकांना पुन्हा बजावलं, "पैल्या मुठीला माझी वाट बघू नका. खालचं शेत उद्या कापा. भात झडंल." काका म्हणाले, "व्हय, वैनी." त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही.

बेळगाव

डॉक्टरांनी आधी उजवा डोळा केला. पट्टी काढल्यावर मावशीचं पहिलं वाक्य होतं, "सुमे, तुझं केस एवडं पांढरं कवा झालं?" डॉक्टर हसले. मी महिनाभर मेंदी लावायची पुढं ढकलली होती.

घरी तिला गंमतच सापडली. एक डोळा झाकायचा, बघायचं, मग दुसरा झाकायचा. "ह्या डोळ्यानं चुना, त्या डोळ्यानं तूप," ती भिंतीकडं बघून म्हणायची. बाल्कनीतलं आभाळ, माझी निळी साडी, पाण्याची बादली, सगळ्यांची परीक्षा घेऊन झाली. मी मोठ्या हौसेनं माझे फोटो दाखवले. ओढ्याच्या फोटोवर ती खूश. भाताच्या फोटोपाशी थांबली.

"हे कुठलं भात?"

"तुमचंच. खालचं शेत."

"पात्यावरचं दव कुठं गेलं? ऊन पडल्यावर पातं कसं चकाकतंय. हे सगळं पुसून काडलंस तू."

काचा सुटल्यावर पोलरायझर लावून काढलेला तो फोटो, पुसलं होतं खरंच. तेव्हापासून मी तो पूर्ण फिरवत नाही, निम्म्यावर थांबवते. पानावर थोडी चकाकी असू द्यावी, नाहीतर ते पान चित्रातलं वाटतं. नवीन घेणाऱ्यांना माझा हाच सल्ला आहे.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. मावशीनं तो फोटो पुन्हा जवळ घेतला, उजवा डोळा झाकून बघितला, मग डावा झाकून बघितला. मग परत. ताटात भात वाढला होता, तो गार झाला. मी जेव म्हटलं तर जेवली, आणि हात धुऊन परत तोच फोटो घेऊन बसली. तिला काही कळलं असेल का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, कारण मी शब्द दिलेला होता.

पुन्हा बाजारकुणंग

दुसराही डोळा झाला. डॉक्टरांनी धुळीपासून जपा म्हणून काळा चष्मा दिला आणि घरी जायला सांगितलं. तोवर कार्तिक सरत आला होता. खालचं शेत धरून वाडीतलं आधी पिकणारं हळवं भात कापून झालेलं होतं, माळ्याला लागून असलेल्या ओलीच्या जागेतलं उशिरा पिकणारं गरवं भात तेवढं उभं होतं. रविवार जोडून मी रजा काढली आणि तिला पोचवायला गेले.

हवेत गारवा आला होता. जळवा नाहीशा झाल्या होत्या. मावशीनं घरात पिशवी ठेवली, चहासुद्धा न घेता बांधावर गेली आणि काळा चष्मा काढून उभी राहिली. नागूकाका, लक्ष्मीकाकी, आणखी दोघं-तिघं मागं येऊन थांबले. मी कॅमेरा घेतला होता, पण पिशवी घरातच ठेवली होती.

मावशी इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत सावकाश बघत गेली. मग म्हणाली, "झालं. आजच कापायला पायजे. उद्या झडाय लागंल."

"व्हय व्हय, वैनी," काका म्हणाले. वर्षांची सवय. "लावूया की. पन इळ्यांना धार न्हाई बघ. उद्या जोयड्याला लावून देतो, मग..."

मावशी वळली. काकांच्या पडवीत आढ्याला इळे खोचलेले होते. बांधापासून पडवी काही जवळ नव्हती.

"धार मला हितनं दिसतीया," ती म्हणाली.

काकांनी टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकला.

"किती वरसं, नागू?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, मी काही सांगितलेलं नाही म्हणून.

"सुमीकडं काय बघतोस? तिनं न्हाई सांगितलं. एका डोळ्यानं एक रंग दिसला आनि दुसऱ्यानं दुसरा, तवा मला कळलं. मी हिरवं भात कापा म्हनत हुतो. आनि तुमी व्हय व्हय म्हनत हुता. किती वरसं?"

"तीन," काका म्हणाले.

"सगळ्यांस्नी ठावं हुतं?"

लक्ष्मीकाकी पुढं झाली. "आक्का, राग धरू नका. तुमचा शबुद मोडायचा न्हवता, म्हनून."

मावशीचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ही घरात जाऊन बसणार, आणि काकांना जी भीती होती तेच होणार. "मला खुळी केलासा व्हय सगळ्यांनी," ती म्हणाली. मग तिनं शेताकडं बघितलं, शेतातल्या माळ्याकडं. त्याच्या शिडीची एक पायरी नवी बांधलेली दिसत होती.

"मी कापा म्हटल्यावर वर धा दिस राखन कुनी केली?"

काका बांधावरचं ढेकूळ पायानं फोडायला लागले.

"ह्यांनीच," काकी म्हणाली. "दरसाल. परवाच्या साली ताप आलाता तरी वर जाऊन निजलं. डुकरं येतील म्हनून."

मावशीनं पडवीत जाऊन स्वतःच्या हातानं इळा काढला. शेतात उतरली. वाकायला तिला वेळ लागला, पण कुणी हात दिला नाही, देऊही नये. तिनं या भाताची पहिली मूठ कापली. लक्ष्मीकाकीनं आंब्याची पानं आणून दिली, मावशीनं लोंब्या त्यांत गुंफल्या. रिवाजाप्रमाणं सगळे घराच्या दाराकडं वळले.

मावशी वळली नाही. ती चिखलातनं सरळ माळ्याकडं चालत गेली, खांबापाशी थांबली आणि चवड्यांवर उभी राहून लोंब्या बांधायला लागली. हात पुरेना. काका धावत गेले.

"वैनी, दाराला बांधायचं असतंय. माळ्याला कोन बांधतंय काय? डुकरं खातील."

"खाऊ देत. दाराला दरसाल बांधतोय. धर हितं."

काकांनी लोंब्या खांबाला धरल्या आणि मावशीनं गाठ मारली. घट्ट, दोनदा. मी कॅमेरा वर केला, पण मलाच नीट दिसेना, म्हणून खाली घेतला. तो फोटो माझ्याकडं नाही.

काका गाठीकडं बघत तसेच उभे राहिले, मग टॉवेलानं तोंड पुसायला लागले. पुसणं काही संपेना.

मावशीनं त्यांच्याकडं निरखून बघितलं. "काय गा, डोळ्यांनी कमी दिसतंय काय तुला? सुमीच्या डाक्टराकडं नेऊ?"

"आधी कापू दे, वैनी," काका म्हणाले. "आजच कापायचं म्हटलंयस न्हवं?" आणि त्यांनी पडवीकडं हाक मारून सगळे इळे आणायला सांगितले.